मदत हवी आहे: नर्सिंग झालंय, हॉस्पिटल चॅप्लेन व्हायचंय. बीडी कुठून करावी?

रात्रपाळी_बेळगाव:
नमस्कार मंडळी. मी बेळगावची. बीएस्सी नर्सिंग झालंय, इथल्याच एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. घरचे मेथॉडिस्ट, आमची उपासना मराठीत.

आयसीयूत बीपी, शुगर, लघवीचं माप सगळं तासातासाला चार्टवर चढतं. पण खानापूरकडची एखादी आजी हात धरून म्हणते, "बाय, माजं काय खरं न्हाई बग," ते कुठल्या रकान्यात लिहायचं? डॉक्टर कानडी बोलणारे, शेजारची सिस्टर केरळची, आजीला मराठीशिवाय काही येत नाही. मग दुसऱ्या वॉर्डातूनसुद्धा मला हाक येते. हे काम मला जमतं आणि आवडतं. नर्स म्हणून त्याला वेळ मिळत नाही, एवढंच.

म्हणून हॉस्पिटल चॅप्लेन, म्हणजे पेशंटच्या मनाला आणि श्रद्धेला आधार द्यायला दवाखान्यात नेमलेला माणूस, व्हायचं डोक्यात आहे. अडलंय इथे: पाळकाच्या अभ्यासाच्या दोन पदव्यांतली बीडी (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करावी की एमडिव (मास्टर ऑफ डिव्हिनिटी)? पुणे, बेंगळुरू की मंगळुरू? पाळकाची दीक्षा घ्यावीच लागते का, बायकांना ती मिळते का? आणि नोकरी म्हणून याला काही अर्थ आहे का? पप्पा म्हणतात, हातची नर्सिंग सोडून परत कॉलेजात बसणं म्हणजे खुळेपणा. माहितगारांनी स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

हुबळीचा_वाटसरू:
आधी पदवीचं बघू. बीडी नावाला बॅचलर असली तरी तुमच्यासारख्या पदवीधरांसाठी ती दुसरी पदवी, साधारण चार वर्षांची. ती बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाची असते. सेरामपूर कॉलेज 1818 चं, पदव्या द्यायचा अधिकार 1827 च्या डॅनिश सनदेतून आला आणि 1918 च्या कायद्याने पक्का झाला. सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया), मेथॉडिस्ट वगैरे जुन्या मंडळ्या पाळकांसाठी हीच पदवी धरतात. एमडिव देणाऱ्या बऱ्याच सेमिनरींची मान्यता एटीएची (एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन) असते. शिक्षण वाईट असतं असं मुळीच नाही, पण तुमची मंडळी कुठली पदवी धरते ते फी भरण्याआधी विचारा.

पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी मूळचं यवतमाळचं, 1983 मध्ये बिबवेवाडीला आलं. माध्यम इंग्रजी, बाहेर पडलं की मराठी. बेंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज 1910 चं, तेही इंग्रजीत. राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये रात्री बसलात की सकाळी बेंगळुरू. मंगळुरूला बलमठ्ठ्यावर कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज आहे, बासेल मिशनच्या काळातलं, तिथे शिकवणं कानडीतून. कानडी लिहायला येतं का तुम्हाला?

कॅम्पातला:
ताई, एवढं लांब कशाला? आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये बघा की. आर्मीत पाद्री असतात, सरकारी पगार, पेन्शन.

निपाणी_एक्सप्रेस:
@कॅम्पातला, आर्मीत ती जागा धर्मशिक्षक जेसीओची (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर). पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री सगळे एकाच भरतीत. पदवी लागते, पाद्रीला दीक्षा झालेली लागते आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव लागतं. शिवाय ही भरती पुरुषांची असते. ताईंना त्याचा काय उपयोग? 😀

दीक्षेबद्दल: मेथॉडिस्ट आणि सीएसआय दोन्हीकडे बायकांना दीक्षा मिळते. सीएसआयमध्ये तर 2013 ला नंद्यालला पुष्पा ललिता बिशप झाल्या. तेव्हा नियमाची अडचण नाही. अडचण आली तर ती मंडळीच्या पास्टरेट कमिटीतल्या दोन-तीन काकांची असेल. 'मुलगी चार वर्षं बाहेर राहणार, मग लग्नाचं काय' हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

मिरजकर_काका:
बाळ, मी मिशन हॉस्पिटलात चॅप्लेन म्हणून काम करून निवृत्त झालो. नोकरीचं आधी सांगतो. आपल्याकडे चॅप्लेनच्या जागा मुख्यतः मिशन हॉस्पिटलांत. पुष्कळ ठिकाणी चॅप्लेन म्हणजे मंडळीने नेमलेला पाळकच, पगारही पाळकाच्या ग्रेडचा. आयसीयू नर्सच्या पगाराशी तुलना करू नकोस, झोप उडेल. तुमच्या शहरातल्या मोठ्या खासगी किंवा सरकारी दवाखान्यात असली जागा निघेल या आशेवर बीडीला बसू नकोस. उलट नर्सिंगचं रजिस्ट्रेशन चालू ठेव. नर्स आणि चॅप्लेन दोन्ही असलेला माणूस मिशन हॉस्पिटलला हवाच असतो.

आता मुद्द्याचं. बीडीत ग्रीक-हिब्रू, जुना करार, नवा करार, ख्रिस्ती इतिहास, ईश्वरविज्ञान सगळं शिकशील. पेशंटच्या खाटेशी कसं बसायचं ते त्याने येत नाही. त्यासाठी सीपीई, क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन. याची सुरुवात अमेरिकेत अँटन बॉइसन या पाळकाने 1925 मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात केली. तो स्वतः आधी मनोरुग्णालयात पेशंट म्हणून राहून आलेला. त्याचं म्हणणं, पाळकाने पुस्तकं वाचतो तशी दुःखात असलेली माणसंही वाचायला शिकावं.

सीपीईत व्हर्बेटिम लिहावं लागतं. पेशंटशी बोलणं झालं की आठवेल तसं शब्दन् शब्द कागदावर. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कोण किती वेळ गप्प होतं, मी खिडकीकडे का बघितलं. मग ते गटापुढे आणि सुपरवायझरपुढे वाचायचं. आमच्या गटात एकाने लिहिलं होतं: पेशंट म्हणाला, "मुलगा दोन दिवस आला नाही." त्यावर आमच्या माणसाचं उत्तर: "देव तुमच्याबरोबर आहे, चला प्रार्थना करू." सुपरवायझरने एवढंच विचारलं, "प्रार्थनेची घाई कुणाला होती, त्याला की तुला?" त्या प्रश्नावर सगळा गट अडून बसला. असली शिकवणी वर्गात बसून मिळत नाही.

आणखी एक. आपल्या वॉर्डात दहातले नऊ पेशंट हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत असणार. चॅप्लेन तिथे धर्म सांगायला जात नाही. पेशंटने मागितली तर प्रार्थना. त्याला भटजी, मौलवी किंवा स्वामीजी हवे असतील तर त्यांना बोलवायची सोय करायची, तीही मनापासून. हे पटत नसेल तर या वाटेला जाऊ नये असं माझं सरळ मत.

वेल्लोरच्या सीएमसीत (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) चॅप्लेन्सीचा स्वतंत्र विभाग आहे, सीपीईचं प्रशिक्षणही होतं. तिथे पत्र टाक. आणि सीएमएआयमध्ये (ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडिया) नर्सेस लीग असते तशी चॅप्लेन लोकांचीही शाखा आहे. कुठल्या हॉस्पिटलला माणूस हवाय ते तिथे कळतं.

दूरदेशी:
बाहेर जायचा विचार असेल तर: अमेरिकेत चॅप्लेनच्या बोर्ड सर्टिफिकेशनला साधारण 72 क्रेडिटची मास्टर्स आणि सीपीईची चार युनिटं लागतात, एक युनिट किमान 400 तासांचं. शिवाय तुमच्या मंडळीचं मान्यतापत्र. बीडी त्यांच्या मास्टर्सइतकी धरतात का हे प्रत्येकाची कागदपत्रं बघून ठरतं, आधी खात्री करा.

रात्रपाळी_बेळगाव:
सगळ्यांचे आभार. काका, तुमचं उत्तर प्रिंट काढून पप्पांना दिलं. पगाराच्या ओळीशी त्यांनी दोनदा मान हलवली, पण पुढचंही वाचलं.

@हुबळीचा_वाटसरू, कानडी बोलते, वाचते. लिहिताना फजिती होते, त्यामुळे मंगळुरू बाजूला ठेवते. कानात मात्र कानडी ठेवायला हवी, निम्मे पेशंट तेच बोलतात. पुण्याकडे मन झुकतंय. नोकरी न सोडता घरून काही करता येईल का? आणि आधी बीडी की आधी सीपीई?

हुबळीचा_वाटसरू:
घरून करायला सेरामपूरची बीसीएस (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) आहे, बाह्य पद्धतीने. मंडळीतल्या नोकरदार लोकांसाठी चांगली आहे, पण दीक्षेच्या वाटेवर ती बीडीच्या जागी चालेल असं समजू नका. चॅप्लेनच व्हायचं असेल तर बीडीनंतर एमटीएचला (मास्टर ऑफ थिऑलॉजी) पास्टोरल केअर अँड काउन्सेलिंग ही शाखा बघा, आणखी दोन वर्षं.

मिरजकर_काका:
आधी सीपीईचा एखादा छोटा कोर्स कर, रजा काढून. महिनाभर दुसऱ्याच्या दुःखाशेजारी बसायचं आणि रात्री त्याचा कागद लिहायचा हे सोसतं का ते कळेल. सोसलं तर बीडी. पण तुझ्या पाळकांना आणि डी.एस.ना (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट) आजच भेट. लोकल प्रीचर (दीक्षा न झालेला, मंडळीने मान्य केलेला उपदेशक) म्हणून नाव घाल, डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्सपुढे जा. शिफारसपत्र एका रविवारात मिळत नाही, आणि ते नसेल तर सेमिनरीचा फॉर्म अर्धाच राहतो. कमिटीतले ते काका मोडता घालतील तर त्यांना एक दिवस तुझ्या आयसीयूबाहेरच्या बाकावर बसव.

निपाणी_एक्सप्रेस:
आणि हिब्रूची धास्ती घेऊ नका ताई. उर्दू वाचणाऱ्या आजोबांची नात असाल तर उजवीकडून डावीकडे वाचणं महिन्याभरात जमेल. ग्रीकची क्रियापदं मात्र रडवतात, माझ्या भावाला विचारा.