चाई लागते की पडते?

चाळकरी : दादरच्या सलूनमध्ये भाच्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढी गुळगुळीत चकती दिसली. कारागीर म्हणाला, "चाई लागलीय." ताई म्हणते, चाई पडते, लागत नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलंय 'अ‍ॅलोपेशिया एरिआटा' आणि तोंडी सांगितलं 'ऑटोइम्यून'. हे सगळं एकच का?

परळकर : एकच. दोन्ही क्रियापदं चालतात, पण कीड लागते, वाळवी लागते, त्यामुळे 'चाई लागली' म्हणणाऱ्याच्या मनात केस कुरतडणारा किडा वळवळत असतो. असा किडा नसतो. रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. मूळ मरत नाही, झोपी जातं. म्हणून लहानशा चकतीत बऱ्याचदा केस परत येतात, कधीकधी आधी पांढरे. दुसऱ्याला होत नाही, तेव्हा पोराचा कंगवा वेगळा काढू नका. मी आपला 'पडते'वाला. टक्कल पडतं, तशी चाई पडते.

शब्द मात्र नेमका आहे. अ‍ॅलोपेशिया कुठल्याही केसगळतीला म्हणतात (मूळ ग्रीक शब्द कोल्ह्यावरून आलाय, त्याच्या खरजेमुळे!), चाई फक्त चकत्यांची. आयुर्वेदातलं इंद्रलुप्त हिच्या जवळचं. सगळं डोकं गेलं तर टोटॅलिस, भुवया-पापण्यांसकट अंगावरचे सगळे गेले तर युनिव्हर्सॅलिस. त्यांना मराठीत शब्द ऐकला नाही.

'ऑटोइम्यून'ला 'स्वयंप्रतिकार' म्हणतात, तो मला पटत नाही. वाटतं, शरीर स्वतःचा बचाव करतंय. इथे तर घरचाच पहारेकरी घरच्यांना बडवतोय.

आजीचा बटवा : आमच्याकडे चाईवर लसूण चोळायचे.

परळकर : कातडी भाजते हो त्याने! शिवाय मुलांच्या डोक्यातला नायटाही लोक चाई म्हणूनच खपवतात. त्यात खपली धरते, खाज येते, केस तुटके दिसतात. ती बुरशी. ती मात्र पसरते आणि त्याला पोटातून गोळ्या लागतात.

मुलुंडकरीण : मला डेंग्यूनंतर दोन-अडीच महिन्यांनी मूठमूठ केस गळून हातात यायला लागले. सोसायटीत सगळ्यांनी टँकरच्या पाण्याला शिव्या घातल्या. ही चाई का?

परळकर : नाही, याला 'केस झडणे' म्हणावं. पानझडीसारखं, एकदम आणि सगळीकडून. टेलोजेन इफ्लुव्हियम. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यांनंतर बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि २-३ महिन्यांनी गळतात. बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबतं. तसेही रोज ५० ते १०० केस गळतातच. पुरुषांचं 'कपाळ मागे सरकणं' तिसरंच, ते आनुवंशिकता आणि हार्मोनचं काम.

आणि 'टक्कल व्हायरस' कृपा करून नको. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत केस गेले, तेव्हा हा शब्द बातम्यांत फिरला. पुढे चर्चा व्हायरस सोडून सेलेनियम या खनिजावर गेली, शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

चाळकरी : मग भाच्याचं काय करायचं?

परळकर : चाईत कधीकधी नखांवरही खुणा दिसतात. तेव्हा नखं बघा, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का, आणि डॉक्टरांना सांगा. लहान चकतीला बहुतेक वेळा स्टेरॉइडचं मलम किंवा मोठ्यांना तिथेच इंजेक्शन देतात. रोगप्रतिकारशक्तीला आवरणाऱ्या बॅरिसिटिनिबच्या गोळ्यांना अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, पण ती मोठ्या माणसांच्या तीव्र आजारासाठी. रुपयाएवढ्या चाईला ती तोफ नको.