तेलविहिरीत वर गॅस कंडेन्सेट (प्रेशर उतरलं की द्रव सोडणारा वायू), खाली तेल, पण दोघांमधली सीमा, म्हणजे कॉन्टॅक्ट, कुठेच दिसत नाही. कोणतं सॅम्पल चुकलंय?

तळेगावकर:
एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी एका विहिरीचा डेटा मिळालाय. पे झोन (तेल-वायू असलेला थर) १४० मीटर. प्रेशर उतरवलं की वरच्या सॅम्पलला ड्यू पॉइंट (वायूतून द्रवाचा पहिला थेंब), खालच्याला बबल पॉइंट (तेलातून वायूचा पहिला बुडबुडा). म्हणजे मध्ये गॅस-ऑइल कॉन्टॅक्ट हवाच ना? पण लॉगवर (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदीवर) काही नाही, आणि प्रेशरचे पॉइंट हलकेच वळणाऱ्या रेषेवर बसतात, कोन कुठेच नाही. एक सॅम्पल खराब धरून सोडून देऊ का? की मॉडेलमध्ये दोन रीजन करून मध्ये कॉन्टॅक्ट टाकू?

जुना रिझर्व्हॉयरवाला:
दोन्ही करू नका, कळकळीने सांगतो. पूर्वी एका कामात मी अशाच वळणाऱ्या पॉइंटांवरून दोन सरळ रेषा ओढल्या, त्या छेदल्या तिथे कॉन्टॅक्ट मांडला आणि साठ्याचा आकडा दिला. पुढच्या विहिरीत त्या खोलीवर कॉन्टॅक्ट नव्हताच. ती चूक अजून सलते.

दोन्ही सॅम्पल खरी असू शकतात. जड रेणू खाली, हलके वर, ही ओढ प्रत्येक कॉलममध्ये असते. समतोलात १०० अंश सेल्सियसला, १०० मीटर खाली गेल्यावर मिथेनची फ्युगॅसिटी (मिश्रणातल्या घटकाचं परिणामी प्रेशर) अर्धा टक्का वाढते, तर ४२०च्या आसपास मोलर वजनाच्या घटकाची सुमारे १४ टक्के. मिथेनची फ्युगॅसिटी वाढली म्हणून त्याचं प्रमाण वाढत नाही, कारण खाली प्रेशरही वाढलेलं असतं. प्रत्यक्षात ते घटतंच. साठ्यातलं मिश्रण क्रिटिकल अवस्थेजवळ (जिथे वायू आणि द्रव यांतला फरक मिटतो) असेल तर हाच परिणाम कितीतरी ठळक होतो. कोलंबियातल्या कुपियाग्वामध्ये वर कंडेन्सेट आणि खाली व्होलाटाइल तेल (भरपूर वायू विरघळलेलं हलकं तेल) आहे, मध्ये स्पष्ट कॉन्टॅक्ट नाही.

आता पडताळा. वरून खाली येताना ड्यू पॉइंट वाढत जातो, क्रिटिकल मिश्रणाच्या खोलीवर सॅचुरेशन प्रेशर (ड्यू किंवा बबल पॉइंटचं प्रेशर) कमाल होतं, मग बबल पॉइंट घटत जातो. ती कमाल रिझर्व्हॉयर प्रेशरच्या खालीच राहिली तर बदल सलग, कॉन्टॅक्ट नाही. सॅचुरेशन प्रेशरची रेषा रिझर्व्हॉयर प्रेशरला टेकली तर मात्र कॉन्टॅक्ट खरा.

पेंग-रॉबिन्सन समीकरण दोन्ही सॅम्पलच्या पीव्हीटीवर (प्रेशर-आकारमान-तापमानाच्या मोजमापांवर) एकत्र जुळवा. वरचं सॅम्पल डेटम (आधारबिंदू) धरून खालचं कंपोझिशन काढा आणि मोजलेल्याशी ताडा. सी-सेव्हन-प्लसचे (सात किंवा जास्त कार्बनच्या जड घटकांचे) तुकडे आधी नीट पाडा, कारण सगळा उतार त्यावर ठरतो. मड (ड्रिलिंगचा चिखल) ऑइल-बेस्ड होतं का तेही विचारा, त्याची भेसळ सॅम्पलमध्ये राहिली तर जड बाजू फसवी दिसते.

हिमखंड:
वरच्या उत्तरात तापमान सगळीकडे सारखं धरलंय. पहिल्या गणितासाठी ते ठीक. पण जपानमधल्या युफुत्सु क्षेत्रात वरचं मिश्रण खालच्यापेक्षा जड निघालं, ते गुरुत्वाने समजत नाही. तिथे थर्मल डिफ्यूजनचं (तापमानातल्या फरकामुळे घटक सरकण्याचं) स्पष्टीकरण दिलं जातं.

आणि गणित जुळलं नाही तर लगेच ट्यूनिंगला (समीकरणातले आकडे बदलून जुळवण्याला) हात घालू नका. डिफ्यूजनचा गुणांक १०⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद धरला, तर समतोल साधायला उभ्या १०० मीटरला सुमारे ३ लाख वर्षं लागतात, पण आडव्या ५ किलोमीटरला ८० कोटी. म्हणून शेजारच्या विहिरीचं कंपोझिशन वेगळं निघालं तर नवल नाही. एकाच विहिरीत मोठी तफावत आली तर आधी मध्ये शेलचा (न झिरपणाऱ्या चिकणमातीच्या खडकाचा) अडसर आहे का ते पाहा.

तळेगावकर:
दोघांचेही मनापासून आभार. मोजलेली दोन्ही सॅचुरेशन प्रेशर रिझर्व्हॉयर प्रेशरच्या बरीच खाली आहेत, मधल्या कमालीचं आज रात्री काढतो. मड ऑइल-बेस्डच होतं! खालच्या सॅम्पलमध्ये मडची भेसळ किती, हे लॅब रिपोर्टच्या शेवटच्या पानावर सापडलं. ते पान मी वाचलंच नव्हतं. ती भेसळ वजा करून डेटमचं गणित पुन्हा मांडतो आणि तक्ता इथे टाकतो.