मदत हवी आहे: मलावीत रात्रभर ऑक्सिजन मशीन सोलरवर चालवायचंय

नमस्कार मंडळी. मी नर्स, मूळची साताऱ्याची. सध्या मलावीत एका खेड्यातल्या आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून आहे. इथे नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, तेव्हा रांगेत बहुतेक पोरं तापाचीच. बोट टोचून मलेरियाची टेस्ट, पॉझिटिव्ह आली की आर्टेमेथर-लुमेफँट्रिनच्या गोळ्या, फार आजारी असेल तर आर्टेसुनेटचं इंजेक्शन. तेवढं निभतं. दुपारी मक्याची न्सिमा खाऊन (उकडीसारखी लागते, आवडायला लागलीय) पुन्हा रांग.

अडतं ते न्यूमोनियाच्या बाळांपाशी. मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) साधारण 350 वॅट खातं आणि संध्याकाळी लाइट गेली की सकाळपर्यंत भरवसा नाही. 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची एकच लेड-ॲसिड बॅटरी आहे. निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं तर जेमतेम तीन तास. लशींचा फ्रिज सोलरवर आहे, पण त्याला बॅटरीच नाही, आतल्या बर्फावर रात्र काढतो. असती तरी मी कुणाला हात लावू दिला नसता!

गडचिरोली-मेळघाटाकडे दवाखान्यांना सोलर बसवलेलं कुणी आहे का इथे? दहा तासांसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी केवढी घ्यावी? पॅनेल किती वॅटची, तेही पावसाळी ढगांचा हिशोब धरून? कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट ओढतो, मग इन्व्हर्टर किती मोठा? आणि कृपया "येताना भारतातून घेऊन ये" म्हणू नका, एवढी मोठी लिथियम बॅटरी विमानात घेऊ देत नाहीत. इथल्या राजधानीत, लिलाँग्वेच्या बाजारात मिळेल असंच सुचवा.