दांडियाबाजार परिवार ग्रुप : अष्टमीचा गरबा आणि दसऱ्याची पंगत

आत्या (मांजलपूर): वहिनी, काल दसऱ्याला सगळे जमलो, तुम्ही तेवढ्या नव्हतात. अष्टमीला गरब्यातला तुमचा फोटो पाहिला होता, छान हसत होतात. मग श्रीखंड-पुरीच्या पंगतीला काय झालं? रागाने नाही विचारत, मनात आलं ते बोलते.

काका: काल तिचं फायब्रोमायल्जियाचं अंगभर दुखणं इतकं वाढलं की पलंगावरून उठवायला हात द्यावा लागला. मीच म्हटलं, घरी राहू.

मोठी आई: पण रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत ना? मग इतकं दुखतं कशाने? गुडघे माझेही दुखतात, मी आपलं चालतंफिरतं ठेवते.

काकू: इथेच विचारलंत ते बरं केलंत. फोटो खरा आहे आणि कालचं दुखणंही खरं आहे. अष्टमीला मी दुपारभर पडून होते, स्वयंपाकाला हात लावला नाही, म्हणून रात्री बाहेरच्या गोलात थोडा वेळ सावकाश तीन ताली खेळता आली. बडोद्यात राहून नवरात्रात खिडकीतून गरबा बघत बसायचं, हे मला सहन होत नाही. नवमीला बरी होते. दसऱ्याला सकाळी अंग असं धरलं की ब्लाऊजची शिवणसुद्धा खांद्याला टोचत होती. या दुखण्यात पुष्कळदा असंच होतं. केल्याचा त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी होतो. तुम्हाला दिसते ती मी बरी असतानाची. बरी नसते तेव्हा मी घराबाहेरच पडत नाही, मग दिसणार कशी? म्हणून एवढंच मागते, माझा चांगला दिवस माझ्या वाईट दिवसाविरुद्ध पुरावा म्हणून धरू नका.

ताई (पुणे): काकू, झोपेचं कसं आहे आता?

काकू: झोप लागते गं, पण उठते ती दमलेलीच. आणि डोक्याचं सांगायचं तर परवा भाजीवालीसमोर उभी राहिले आणि दुधी हा शब्दच आठवेना. दुखणं एक वेळ सोसवतं, याची मात्र भीती वाटते.

दादा (फिजिओ): मोठी आई, रिपोर्टचं मी सांगतो. एक्स-रेत हाडं दिसतात, ईएसआर-सीआरपी या रक्ताच्या तपासण्यांत सूज कळते. फायब्रोमायल्जियात हाडंही ठीक असतात आणि सूजही नसते. बिघाड असतो तो मज्जारज्जू आणि मेंदू वेदनेचे संदेश हाताळतात त्यात. सोसायटीचा वॉचमन गेटातून मांजर आलं तरी शिट्टी फुंकायला लागला, तर चोर नसतो, पण शिट्टी खरीच वाजते आणि झोप सगळ्यांचीच मोडते. थायरॉईड, व्हिटॅमिन डी, बी-१२ तपासतात ते अशीच लक्षणं देणारे दुसरे आजार नाहीत ना, हे बघायला. हा आजार ओळखायच्या १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ जागा दाबून बघत, ११ दुखल्या पाहिजेत असं होतं. २०१० च्या निकषांनी ते काढलं. आता दुखणं अंगभर किती पसरलंय, थकवा, झोप, स्मरण कसं आहे, आणि हे सगळं किमान ३ महिने आहे का, ते बघतात.

आत्या (मांजलपूर): मग रोज एक पेनकिलर घेतली तर?

दादा (फिजिओ): नेहमीच्या पेनकिलरचा यात फारसा उपयोग होत नाही, त्या मुख्यतः सुजेच्या दुखण्यावरच्या. डॉक्टर अमिट्रिप्टिलिन, डुलॉक्सेटिन, प्रेगाबालिन असं काही देतात. काहींना त्याने फरक पडतो, काहींना नाही.

ताई (पुणे): डुलॉक्सेटिन तर डिप्रेशनची गोळी ना? म्हणजे टेन्शनमुळे आहे का हे?

काकू: केमिस्टकडे चिठ्ठी दिली की तोही असाच बघतो. ती गोळी वेदनेच्या मार्गावरही काम करते, म्हणून देतात. टेन्शन वाढलं की दुखणं वाढतं हे खरं, पण म्हणून ते मी मनात तयार केलेलं नाही. तपासणीच्या खोलीत एकदा मला ऐकवलं होतं, घरात मन रमवा. त्या दिवशी घरी येऊन फार रडले.

मोठी आई: आणि चालणं? की तेही चुकीचं?

दादा (फिजिओ): नाही, तेच सगळ्यात महत्त्वाचं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत ठाम शिफारस एकाच उपायाची आहे, व्यायामाची. फक्त अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचा.

काकू: मी सकाळी कमाटीबागेत जाते. बरं वाटतंय म्हणून जास्त चालायचं नाही, दुखतंय म्हणून अगदीच बंद करायचं नाही. हे शिकायला मला फार वेळ लागला, कारण बरं वाटलं की माळा काढावासा वाटतो. तेव्हा, "चल गं, आज बरी दिसतेस, हेही उरकून टाकू" असं म्हणू नका. "अजून बरं नाही का?" याला माझ्याकडे उत्तर नसतं. "आज काय जमेल?" असं विचारा, त्याचं उत्तर देता येतं. तेलांचे, काढ्यांचे फॉरवर्ड नकोत. आणि बोलावणं बंद करू नका. आयत्या वेळी नाही म्हणेन, तरी पुढच्या वेळी बोलवा. मला न सांगता जमलात की फार लागतं.

आत्या (मांजलपूर): दिवाळीचा फराळ दरवर्षी तुमच्याकडे. यंदा माझ्याकडे करू या का?

काकू: चालेल. सोऱ्या दाबणं मनगटाला झेपत नाही. करंज्या मात्र मी भरणार, तेवढं काढून घेऊ नका. खुर्चीवर बसून अर्धा तास, मग आत जाऊन पडेन.

काका: सोऱ्या मी दाबतो.

आत्या (मांजलपूर): आतली खोली रिकामी ठेवते, पंखा आणि उशा तयार. सकाळी जमत नाही वाटलं तर नुसतं "आज नाही" लिहा, कारण विचारणार नाही. सारण डब्यात भरून पाठवते, जमेल तेव्हा घरी भरा.

मोठी आई: मग रविवार धरू. भाजणी माझ्याकडून, खोबरं कोण किसतंय ते लिहा.