मार्चमधील ग्रँड कॅन्यन आणि मुले
मार्चच्या सुट्टीत मुलांसह अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन या खोल दरीच्या तळाशी नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी वर येण्याचा बेत असेल, तर तो कृपया सोडून द्यावा. दरीचा दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच असल्याने तेथे मार्चमध्येही बर्फ पडू शकतो आणि तेथून तळाकडे उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेच्या वरच्या, सावलीतल्या टप्प्यावर तो गोठून निसरडा होतो. शिवाय दमछाक करणारा चढ शेवटी, मुले थकलेली असतानाच येतो. त्यापेक्षा थोडे उतरून परतावे आणि कड्यावरच्या पायवाटेवर निवांत फिरावे. दरीचे थर तेथूनही सुरेख दिसतात. याच सहलीत अँटिलोप कॅन्यन ही अरुंद दरीही पाहायची असेल, तर ती नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीत असून तेथे वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही, म्हणून आरक्षण आधीच करावे.