थ्रिलर बघताना डोकं घरी ठेवायचं म्हणे!

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलंय, "थ्रिलर बघताना डोकं घरी ठेवा, कायदे काढत बसू नका." का म्हणून ठेवायचं? इन्स्पेक्टरनं दोन थोबाडीत दिल्या, व्हिलननं ठाण्यात गुन्हा कबूल केला, पिक्चर संपला. अहो पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, १८७२ च्या कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही तेच आहे. मग दोन तास आम्ही बघितलं काय?

टिळकवाडी_०७: भावा, पिक्चर आहे तो, चार्जशीट न्हवं. हिंदी 'दृश्यम'मधे पोलिसातली आयजी बाई स्वतःच्याच बेपत्ता पोराचा तपास करते, खऱ्यात करू देतील? तरी कोण उठून गेलं काय? त्यातला हिरो साक्षीदारांना परत जाऊन भेटतो, आपण २ ऑक्टोबरलाच आलो होतो असं त्यांच्या डोक्यात बसवतो, ते पटतं म्हणून सगळे बसले.

खानापूरकर: मग मी दुसरं काय बोलालोय! माणसाची आठवण तशीच चालते म्हणून पटलं. तेच लॉजिक.

सीमाभागातला_एक: तुमचं कायद्याचं चालू दे, हद्दीचं कोण दाखवतंय? पिक्चरात खुनी घाट उतरला की मागनं पोलिस हजर. आमची मोटरसायकल इकडं कर्नाटकात चोरीला गेली, तिकडं महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यात सापडली, तर इकडचे म्हणतात तिकडं जावा, तिकडचे म्हणतात तक्रार कर्नाटकातली. आणि शेवटी एफआयआर झाली ती कन्नडमधे, वडिलांनी न कळताच सही केली.

शहापूर_गल्ली: कर्नाटकात कन्नडच लिहिणार की हो. आणि आता हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यायची म्हणून कायद्यातच आहे.

सीमाभागातला_एक: कायद्यात तक्रार वाचून दाखवायची पण आहे, कळेल अशा भाषेत कोण दाखवतंय? तुमच्या घरातलं माणूस तिथं उभं नव्हतं म्हणून बोलालाय. १९५६ पासून हेच, महाराष्ट्राचा २००४ चा सीमेचा दावा अजून सुप्रीम कोर्टात पडून आहे!

शहापूर_गल्ली: आवाज चढवू नका. माझी आजी मराठीच बोलायची. पण मोटरसायकलच्या तक्रारीत १९५६ कशाला?

टिळकवाडी_०७: ओ, पिक्चरवर बोला की!

सीमाभागातला_एक: पिक्चरवरच बोलालोय. दुसऱ्या राज्यात धरलेल्या माणसाला तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढं नेऊन ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आपल्या राज्यात न्यायची परवानगी, घ्यावा लागतो. त्या धावपळीत केवढं टेन्शन आहे, एक सीन तरी करा त्यावर.

टिळकवाडी_०७: बरं, हे मानलं. असला पिक्चर आला तर पहिल्या शोला येतो. पण आयजी बाईंचं मी सोडणार नाही, तो सीन भारीच आहे.

खानापूरकर: सीन भारी असेल, तपास खोटाच.