मदत हवी आहे: फॅमिली कोर्टात तारीख पुढे घ्यायचा अर्ज

नमस्कार मंडळी, माझ्या ताईची पोटगीची केस बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात चालू आहे, बीकेसीच्या बाजूला, आणि पुढच्या तारखेला तिची उलटतपासणी आहे पण नेमकं त्याच आठवड्यात पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर म्हणाले आता पुढे ढकलू नका. वकील नाहीये, केस ती स्वतःच चालवते. फॅमिली कोर्टात तसं चालतं, उलट तिथे वकील हा हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाची परवानगी लागते.

मुदतीचा अर्ज मीच टाईप करतोय. वर केस नंबर, दोघांची नावं, मग कारण आणि किती दिवसांची मुदत हवी ते लिहिलंय. सोबत अ‍ॅडमिशनचं पत्र नि सोनोग्राफीचा रिपोर्ट लावू ना? की डॉक्टरांचं वेगळं सर्टिफिकेट लागेल, ज्यात आरामाचे दिवस स्पष्ट असतील? समोरच्या वकिलांना कॉपी आधीच द्यायची का? आणि त्या दिवशी ती अ‍ॅडमिट असेल तर भाऊ म्हणून माझ्या हातचा अर्ज घेतात का, की आधीच जाऊन तिने स्वतः दिलेला बरा?

दिवाणी कायद्यात साधारण तीनच मुदती मिळतात आणि खर्चही बसू शकतो असं वाचलंय. खरी भीती वेगळीच आहे, अर्जदार तीच आहे, गैरहजर दिसली नि केसच काढून टाकली तर? आधीच टाळाटाळ समोरून चाललीये, तिला अजून एक रुपया मिळालेला नाही, लेकीची फी ती एकटी भरतेय. कोणी असा अर्ज दिला असेल तर प्लीज सांगा, मजकूर कसा होता तेही.